पंधरा, सतरा आणि मधले तेवीस तास

गुलाब, तुझ्या तेरवीला सुनंदावहिनींनी मला एक बातमी दिली. ती खोटी आहे हे दोनच माणसांना माहीत होते. त्यातला एक तू.

पंगती उठल्या होत्या. तुझे मोठे भाऊ शामराव अंगणात पत्रावळी उचलणाऱ्यांवर ओरडत होते. वहिनी एक दोन पानी कागद घेऊन माझ्यासमोर आल्या. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे निवेदन होते. त्यात लिहिले होते की, नागपूरसारख्या शहरात रक्ताच्या कर्करोगाची गोळी त्या दिवशी दुकानांत मिळाली नाही, ती दुसऱ्या दिवशी मिळाली, आणि या उशिराने आमचा माणूस गेला. अशी गोळी जिल्ह्याच्या दवाखान्यात कायम ठेवावी, अशी मागणी होती. खाली तुझ्या गावच्या, अड्याळच्या लोकांच्या सह्या आणि अंगठे होते.

"भाऊ, तुमी हे पेपरात लिहा," वहिनी म्हणाल्या. "माहा मानूस त गेला. पन दुसऱ्या कोनाचा त वाचन."

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि "पाहतो" म्हणालो.

गोळी त्या दिवशी दुकानात होती, गुलाब. मी ती आणली नव्हती. वहिनींना मात्र सांगितले की मिळाली नाही. हे वाक्य मी तुझ्या खाटेजवळ उभा राहून बोललो आणि तू ते ऐकलेस. तिथूनच हे निवेदन निघाले आहे.

आपली ओळख भंडाऱ्यात खांब तलावाजवळच्या साप्ताहिकाच्या कचेरीतली. मी बातम्या लिहायचो, तू पाने लावायचास. तेव्हा मजकूर बटर पेपरवर छापून यायचा आणि तू ब्लेडने त्याच्या पट्ट्या कापून मोठ्या कागदावर डिंकाने चिकटवायचास. जागा संपली की बातमी खालून कापायचास. महत्त्वाचे आधी लिहावे, हे मला संपादकांनी शिकवले नाही. तुझ्या ब्लेडने शिकवले.

"अबे वसंता, तुहा मुद्दा रायते शेवटच्या ओळीत," तू म्हणायचास, "आन माही जागा सरते पाचव्या ओळीत. मंग लोकायनं काय वाचाव, तुहं नाव?"

पुढे कॉम्प्युटरवर पाने लागू लागली, साप्ताहिक बंद पडले, मी दैनिकाकडे गेलो, तू एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके लावू लागलास. तरी माझी मोठी बातमी आली की तुझा फोन यायचा. स्तुतीसाठी कधीच नाही. "तिसरा परिच्छेद कायले घातला बे?" एवढे विचारायचास आणि ठेवायचास. वीस वर्षांत माझे लिखाण इतक्या लक्षपूर्वक दुसऱ्या कोणी वाचले नाही. हे तुला कधी सांगितले नाही, कारण ते वाक्यही तू कापले असतेस.

यंदा धान कापणीला तू छापखान्यातून सुट्टी घेतलीस. खांद्यावर, मांडीवर काळेनिळे डाग दिसू लागले. भारे उचलल्याचे डाग म्हणालास, आणि गावात ते कोणाला खोटे वाटले नाही. मळणीच्या दिवसांत कोणाच्या अंगावर डाग नसतात? हिरड्यांतून रक्त आले तेव्हा दातूनाची काडी लागली म्हणालास. ताप आला तेव्हा थंडीवर ढकलले. शेवटी नाकातले रक्त थांबेना, तेव्हा भंडाऱ्याला रक्त तपासले आणि त्यांनी त्याच दिवशी नागपूरला पाठवले. वहिनींनी मला फोन केला. मी बुधवारी सकाळी साडेदहाला वॉर्डात पोचलो. तू उशीला टेकून बसला होतास. नाकात कापसाचा बोळा होता. शेजारच्या रुग्णाचे वर्तमानपत्र तू मागून घेतले होतेस आणि पान चारवर दोन जाहिराती तिरक्या लागल्याचे मला दाखवलेस.

रक्तविकारांच्या डॉक्टर बाई दीडच्या सुमारास आल्या. त्यांनी तुझ्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिली होती. वहिनी तेव्हा रक्तपेढीत होत्या. प्लेटलेट हव्या होत्या, त्यासाठी अड्याळहून आलेल्यांना घेऊन त्या रांगेत बसल्या होत्या. म्हणून पुढचे सगळे आपण दोघांनीच ऐकले.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर दोन उभ्या रेघा काढल्या. एक पंधरावे गुणसूत्र, एक सतरावे. प्रत्येक पेशीत अशा तेवीस जोड्या असतात, त्या म्हणाल्या. पेशीच्या आयुष्यात ही गुणसूत्रे कधी कधी तुटतात आणि पेशी ती पुन्हा जोडते. एरवी बरोबर जोडते. कधी तरी एकाच वेळी दोन तुटतात आणि शेपटांची अदलाबदल होते. त्यांनी दोन्ही रेघा मध्ये छेदल्या आणि खालचे तुकडे तिरप्या बाणांनी एकमेकांना लावले. काही हरवत नाही, काही वाढत नाही. मोजली तर गुणसूत्रे पूर्ण शेहेचाळीस भरतात.

तू कागदाकडे पाहत म्हणालास, "म्हनजे अस्वल आन हेडमास्तर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना वाटले असावे की तुला भ्रम होतो आहे. मला ती गोष्ट सांगावी लागली. साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर दोन बातम्या शेजारी होत्या. बपेऱ्याच्या एका हेडमास्तरांचा निरोप समारंभ, आणि आंबागडच्या जंगलातले अस्वल. गुरुवारी दुपारी घाईत तुझ्या हातून खालच्या पट्ट्या बदलल्या. शुक्रवारी जिल्ह्याने वाचले की हेडमास्तरांनी चौतीस वर्षे विद्यार्थी घडवले, मोहफुले वेचणाऱ्या दोन बायांवर हल्ला केला आणि वनविभागाने त्यांना पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात सोडले. अस्वलाला गावकऱ्यांनी शाल-श्रीफळ दिले आणि उर्वरित आयुष्य सुखाचे जावो अशा शुभेच्छा दिल्या. एक अक्षर चुकले नव्हते. हेडमास्तर पहिल्या बसने कचेरीत आले. तू खुर्ची पुढे करत म्हणालास, "या गुरुजी. जंगलातून कवा परतले?"

डॉक्टर हसल्या. "अगदी असंच," त्या म्हणाल्या. "फक्त तुमची बातमी लोकांनी हसून सोडून दिली. पेशी हसत नाही. ती वाचते तसं करते."

जिथे तुकडे जुळतात तिथे एका जनुकाचा पुढचा भाग आणि दुसऱ्याचा मागचा भाग एक होतो. त्यातून एक जोडप्रथिन तयार होते, जे निरोगी शरीरात नसतेच. तुझ्या आजारात हे प्रथिन पांढऱ्या पेशींना पक्व होण्याचा निरोप पोचू देत नाही. पेशी अर्ध्या वयात अडकतात, कामाच्या राहत नाहीत, मरत नाहीत आणि वाढत राहतात. अस्थिमज्जेत इतरांना जागा उरत नाही. शिवाय त्यांच्यातून जे झिरपते त्याने रक्त गोठण्याची व्यवस्थाच बिघडते. म्हणून डाग, म्हणून हिरड्या, म्हणून नाक. रक्ताच्या इतर तीव्र कर्करोगांत इतर जोड सापडतात, आठ आणि एकवीस, नऊ आणि बावीस, तान्ह्या मुलांत चार आणि अकरा. जोड वेगळा की आजार वेगळा, औषध वेगळे. काहींत एवढी एकच चूक पुरत नाही, पुढे आणखी चुका व्हाव्या लागतात.

"माह्या पोरीले?" तू विचारलेस.

"नाही. हे जन्मतः नसतं आणि पुढे जात नाही. तुमच्याच एका पेशीत, कधी तरी झालं."

"काहून झालं?"

"बहुतेक वेळा कारण सापडत नाही."

तू मान हलवलीस. घाईच्या गुरुवारचे कारण तू तरी कुठे देऊ शकला होतास!

मग त्यांनी औषध सांगितले. अ जीवनसत्त्वापासून केलेले एक आम्ल, कॅप्सूलमध्ये. ते थेट त्या जोडप्रथिनाला धरते, निरोप मोकळा होतो आणि पेशी पक्व होऊन आपोआप संपतात. सोबत शिरेतून आर्सेनिक.

"आर्सेनिक म्हनजे सोमल ना, मॅडम?"

"हो."

"अर्धा जनम सोमल खाऊन मेलेल्याईच्या बातम्या लावल्या मी. आता सोमल देऊन जगवता मले?"

"पहिला महिना पार केलात तर या प्रकारातले बहुतेक जगतात," त्या म्हणाल्या. "धोका पहिल्या काही दिवसांतच आहे, रक्तस्रावाचा. जनुकाचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील. त्याची वाट पाहू नका. कॅप्सूल बाहेरून आणा आणि आजच सुरू करा." चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. घड्याळात दोन वाजले होते.

यानंतरचे मी जसे घडले तसे लिहितो.

तू विचारलेस, "काय म्हनतं, वसंता?"

मी म्हणालो, "रिपोर्ट येऊ दे ना बे. नुसती काच पाहून कॅन्सरचं औषध सुरू करते का कोनी? मी एका डॉक्टरले ओळखतो. त्याले इचारतो, मंग आनतो."

"त्या बाई त आजच म्हनल्या."

"एकाच माणसाच्या सांगण्यावरून आपण कधी काही छापलं का?"

तू ते वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलेस. मग म्हणालास, "नाई छापलं."

हे माझे धंद्याचे वाक्य होते. दुसऱ्या सूत्राकडून खात्री झाल्याशिवाय मजकूर पुढे जात नाही. तीस वर्षे या सवयीने मला सांभाळले. बातमी एक दिवस थांबली म्हणून कोणी दगावले नाही. म्हणून थांबणे म्हणजे सुरक्षित, असे माझ्या हाडात बसले होते. डॉक्टरांनी 'आजच' हा शब्द स्पष्ट उच्चारला होता. तो मी ऐकला आणि वार्ताहर जसा समोरच्याचा आग्रह बाजूला ठेवतो, तसा बाजूला ठेवला. माझ्या ओळखीचे डॉक्टर फोनवर आले नाहीत. त्यांच्या दवाखान्यातून सांगितले की सकाळी बोलतील.

पाचला वहिनी रक्तपेढीतून आल्या. कोणीतरी त्यांना सांगितले होते की एक महत्त्वाची गोळी आणायची आहे.

"भाऊ, गोळी आनली?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "दुकानात नाही मिळाली, वहिनी. उद्या येते म्हनते."

"इतक्या मोठ्या नागपुरात?"

"हो."

तू माझ्याकडे पाहिलेस. नाकातला बोळा बदललेला होता, तोंडाने श्वास घेत होतास. मला वाटले, तू आता बोलशील. तू डोळे मिटलेस आणि वहिनींना म्हणालास, "जाऊ दे. उद्या त उद्या. तू काही खाल्लं का?"

सकाळी दहाला ओळखीचे डॉक्टर फोनवर आले. माझे पुरते ऐकूनही घेतले नाही. "वाट कसली पाहता? कालच द्यायला हवी होती," म्हणाले. दवाखान्याच्या फाटकासमोर औषधांची तीन दुकाने आहेत. पहिल्यात गोळी नव्हती. दुसऱ्यात होती, आणि दुकानदार म्हणाला, कालही होती. डॉक्टरांनी पुन्हा तपासून गुरुवारी दुपारी एक वाजता तुला पहिली दिली. बुधवारी दोन ते गुरुवारी एक. तेवीस तास.

पहिल्या दुकानात गोळी नव्हती हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिले आहे. त्याचा उपयोग होत नाही. दोन्ही दुकानांच्या मध्ये एक चहाची टपरी आहे, तेवढेच अंतर.

शुक्रवारी सकाळी तुझे डोके दुखू लागले. तू वहिनींना काही सांगत होतास आणि शब्द एकमेकांत जाऊ लागले. मेंदूत रक्तस्राव झाल्याचे स्कॅनमध्ये दिसले. दुपारी चारला तू गेलास. शनिवारी रिपोर्ट आला. पंधरा आणि सतरा, अदलाबदल आढळली. डॉक्टरांनी बुधवारी अर्ध्या तासात जे सांगितले होते, त्यापेक्षा एक शब्द जास्त त्यात नव्हता. माझ्या खात्रीचा कागद माझ्या हातात होता.

मी डॉक्टरांना विचारले, बुधवारी दिली असती तर? त्यांनी मला दोष दिला नाही आणि सोडलेही नाही. वेळेवर सुरू करूनही काहींना रक्तस्राव होतो, त्या म्हणाल्या. एका दिवसाने काय झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही. "पण मी स्वतः एक तासही घालवला नसता."

तुझ्याशी माझा एक वाद यातच राहून गेला. तू डोळे का मिटलेस? मला वाचवायला, की माझ्यासारखे तुलाही थांबायचे होते? वहिनींच्या जागी उभे राहून पाहिले तर दोन्ही उत्तरे सारखीच वाईट आहेत. तू असतास तर म्हणाला असतास, कायले इचारतं बे, थकलो होतो म्हनून मिटले. तेही खरे असेल. तीस वर्षे लोकांच्या मनात काय होते हे लिहिण्याचे मी टाळले. तुझ्या बाबतीतही मला ते लिहिता येत नाही.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी मी अड्याळला गेलो. वहिनी परसात लाखोळीची कोवळी पाने भाजीसाठी चादरीवर वाळत घालत होत्या. त्यांनी खाट ओढून दिली. मी बसलो नाही. निवेदन पुढे धरले आणि सांगितले, जसे वर लिहिले आहे तसे. मध्ये थांबलो नाही.

त्यांचे हात पानांवरच होते.

"त्याईले मालूम होतं? दुकानात हाय म्हनून?"

"मी दुकानात गेलोच नाही, हे त्याला माहीत होतं."

"आन मले सांगितलं नाई."

"नाही."

"मी रक्तासाठी सगळ्याईच्या पाया पडत होती," त्या म्हणाल्या, "आन तुमी दोघं तिकडे ठरवून मोकळे झाले. मले इचारलं असतं त मी काय म्हनलं असतं, मालूम हाय? मी म्हनलं असतं, त्या बाईचं आयका. मी त अंगनवाडीची मदतनीस. डॉक्टरनं गोळी देली का पोराईच्या तोंडात घालायची, एवढंच मले येते."

 मग त्यांनी विचारले, "बुधवारी देली असती त वाचले असते का?"

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही."

"हे डॉक्टर म्हनतात, का तुमी म्हनता?"

"डॉक्टर."

"आता तुमचं कोनतं खरं मानू, भाऊ?"

मी निवेदन फाडू का, असे विचारले. "कायले?" त्या म्हणाल्या. "फाडलं म्हनजे लोकाईच्या डोक्यातून निंगलं का? घरोघरी मी घेऊन गेली होती तो कागद. आता तुमी जा. ज्याईनं ज्याईनं सही केली, त्याईच्या घरी जाऊन सांगा. मी नाई सांगत." आणि त्या पाने पसरू लागल्या. मला जा म्हणाल्या नाहीत. चहाचेही विचारले नाही.

पहिला अंगठा शामरावभाऊंचा होता. ते ओसरीवर सुंभाची दोरी वळत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मान वर न करता.  मग म्हणाले, "मी अंगठा लावला ना बे त्याच्यावर. तो खोटा झाला का?"

"कागद खोटा आहे, भाऊ. अंगठा नाही."

"मंग दुसरा लिव. खरा. त्याच्यावर लावतो."

मी ओसरीच्या पायरीवर बसून लिहिले. औषध बुधवारी दवाखान्यासमोरच्या दुकानात उपलब्ध होते. डॉक्टरांनी ते त्याच दिवशी सुरू करायला सांगितले होते. ते आणण्यास मी दुसऱ्या दिवसापर्यंत उशीर केला आणि गुलाबच्या पत्नीला खोटे कारण सांगितले. या आजाराची नुसती शंका असली तरी रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. खाली माझे नाव. शामरावभाऊंना वाचून दाखवले.

"अजून एक डाव वाच."

मी वाचले.

"गुलाबानं आयकलं आन गप रायला. ते नाई लिवलं तू."

मी म्हणालो, "भाऊ, तो गेला. ते राहू द्या."

"माहा भाऊ होता थो," ते म्हणाले. "मले काय कमी वाईट वाटते? पन खरा कागद म्हनते ना तू? मंग पुरा लिव."

त्यांनी दोरी खाली ठेवली आणि शाईसाठी हात पुढे केला. गुलाब, ते वाक्य मी घातले. तुला विचारता आले नाही.